दाढीचा फेस आणि अर्देशीर गोदरेज

गोदरेज हे नाव मराठी घरात दाराच्या कुलपावर, कपाटावर आणि न्हाणीघरातल्या साबणावर दिसते. कुलूप आणि कपाट लोखंडाचे, साबण तेलाचा. हे दोन धंदे एकाच माणसाच्या हातून कसे सुरू झाले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्या माणसाचा पहिला उद्योग तर या दोन्हींहून वेगळा होता. तो होता डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा. धारदार पाते आणि साबणाचा फेस या दोन गोष्टी रोज सकाळी दाढी करताना एकत्र येतात. अर्देशीर गोदरेज यांच्या आयुष्यात त्या वीस-बावीस वर्षांच्या अंतराने आल्या.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बुर्जोरजी जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते. अर्देशीर वकिलीकडे वळले. तरुणपणीच त्यांच्या संसारावर घाला पडला. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून त्यांच्या पत्नी बाचूबाई यांचा मृत्यू झाला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना एका खटल्यासाठी झांझिबारला पाठवले. तिथे त्यांच्या लक्षात आले की, पक्षकाराची बाजू मांडताना काही गोष्टी आपल्याला खऱ्या म्हणून सांगाव्या लागणार आहेत आणि त्या खऱ्या असल्याची आपल्याला खात्री नाही. त्यांनी तसे बोलायला नकार दिला. एवढ्यावर वकिली संपली. १८९५ मध्ये ते मुंबईला परतले आणि एका औषधविक्रेत्याकडे रसायनज्ञाचे मदतनीस म्हणून कामाला लागले.

आधी धार

औषधांच्या दुकानात राहून शस्त्रक्रियेच्या हत्यारांची गरज त्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्या काळी चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या बहुतेक विलायतेहून येत. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये उसने घेऊन अर्देशीर यांनी ही हत्यारे मुंबईत बनवायला घेतली. माल चांगला उतरला. एका ब्रिटिश कंपनीने तो घेण्याची तयारीही दाखवली, पण त्यावर इंग्लंडमध्ये बनवल्याचा शिक्का हवा होता. अर्देशीर यांना भारतात बनवल्याचा शिक्का हवा होता. दोघेही हटले नाहीत, सौदा फिसकटला आणि धंदा बंद पडला.

पुढे मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि ते कुलपांकडे वळले. १८९७ मध्ये लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका लहानशा शेडमध्ये डझनभर कारागिरांसह कुलपांचे काम सुरू झाले. नंतर तिजोऱ्या आल्या. कामा यांचा पुतण्या बॉईस काही काळ भागीदार झाला आणि तो निघून गेल्यावरही त्याचे नाव कंपनीच्या पाटीवर राहिले. धाकटे बंधू पिरोजशा येऊन मिळाले आणि कारखाना स्थिरावला.

याच वर्षांत तिकडे अमेरिकेत दाढीचे पाते बदलत होते. किंग कॅम्प जिलेट यांनी वापरून टाकून देण्याच्या पातळ पात्याची कल्पना मांडली आणि १९०१ मध्ये कंपनी उभी राहिली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लाखोंनी रेझर मिळाले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत लागत. युद्धावरून परतलेल्या पुरुषांना रोज घरी दाढी करण्याची सवय लागलेली होती.

या बदलाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. तोवर दाढी हे न्हाव्याचे काम होते. त्याच्या धोकटीत वस्तरा, तो परजायचा चामडी पट्टा, पाण्याची वाटी आणि तुरटी असे. तो गालावर पाणी चोळून केस भिजवी आणि बाकीचे काम त्याच्या सरावलेल्या हातावर चाले. घरात पाते आले, तसे ते शिकाऊ हातात आले. न्हाव्याच्या कौशल्याची जागा भरून काढायची ती फेसाने. म्हणूनच सुरक्षित पात्याबरोबर दाढीच्या साबणालाही महत्त्व आले.

मग साबण

अर्देशीर साबणाकडे वळले ते १९१८ च्या सुमारास, म्हणजे पन्नाशीत. बाजारातला बराच साबण जनावरांच्या चरबीपासून बनलेला असे. ही चरबी कोणत्या प्राण्याची, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. अनेक हिंदू, जैन आणि मुसलमान घरांत त्यामुळे साबणाविषयी शंका होती. वनस्पती तेलाचा साबण जगात नवा नव्हता. अलेप्पो आणि मार्सेय या शहरांत ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतके बनत आला होता. आपल्याकडे मात्र चरबीशिवाय चांगला, घट्ट, टिकाऊ साबण होणार नाही, असेच त्या धंद्यातले लोक धरून चालत.

त्यांच्या शंकेला रसायनशास्त्राचा आधार होता. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांनी दाखवून दिले की, प्रत्येक तेलात निरनिराळी मेदाम्ले असतात आणि साबणाचा स्वभाव त्यांवर ठरतो. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर. त्याच्या साबणाला झटकन आणि भरपूर फेस येतो, पण बुडबुडे मोठे असतात, लवकर बसतात आणि अशा साबणाने त्वचा कोरडी पडते. चरबीत पामिटिक आणि स्टिअरिक ही आम्ले जास्त. त्यांचा फेस हळू येतो, पण बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. तीळ, करडई, शेंगदाणा अशा पातळ तेलांत ही घट्ट आम्ले कमी असल्याने नुसत्या त्या तेलांचा साबण मऊ पडतो. चरबी काढून टाकायची तर तिच्या जागी काय घालायचे, हा खरा पेच होता.

१९१८-१९ मध्ये अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून बनवलेला पहिला साबण बाजारात आणला. त्याचे नाव होते चावी. कुलपांच्या कारखानदाराला हे नाव शोभणारेच होते. त्यापाठोपाठ अंगाचा साबण आला तो नंबर २ या नावाने. नंबर २ इतका चांगला असेल तर नंबर १ केवढा चांगला असेल, असे लोकांना वाटावे हा त्यामागचा विचार, असे सांगितले जाते. नंबर १ पुढे १९२२ मध्ये आला आणि त्याची शिफारस खुद्द रवींद्रनाथ टागोर यांनी केली.

साबण चालला नसता तर तिजोऱ्यांवर मिळवलेल्या नावालाही बट्टा लागला असता. स्वदेशीचा जोर होता, त्यामुळे भावनेच्या भरात कसाही माल खपला असता. अर्देशीर यांना नेमके तेच मान्य नव्हते. देशी आहे म्हणून निकृष्ट वस्तू लोकांनी सोसावी, हा विचार त्यांना घातक वाटे. त्यांच्या मते देशी वस्तू विलायतीच्या तोडीची किंवा सरस असली पाहिजे आणि लोकांनी ती त्यासाठी घेतली पाहिजे. राष्ट्रीय चळवळीला त्यांचा विरोध नव्हता. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि त्यानंतर टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याची मोहीम निघाली. त्या फंडाला अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारणारी होती.

दाढीच्या साबणाची अट वेगळी

चावी हा काही दाढीचा साबण नव्हता. गोदरेजची दाढीची क्रीम मराठी घरांत पोचली ती नंतरच्या काळात. पण अर्देशीर यांच्यापुढे जो पेच होता, तो दाढीच्या साबणात सर्वांत जास्त जाणवतो. अंगाच्या साबणाचा फेस मिनिटभर टिकला तरी चालते. दाढीच्या फेसाला पाच-सात मिनिटे गालावर ओला राहावे लागते, केसात पाणी धरून ठेवावे लागते आणि पाते सरकताना त्वचेवर निसरडा थर द्यावा लागतो. त्यासाठी स्टिअरिक आम्ल भरपूर लागते. जगभर दाढीच्या साबणात चरबी वापरली जाई ती यामुळेच.

वनस्पतींमध्येही हे आम्ल आहे. कोकणात टाचांच्या भेगांवर लावतात त्या कोकम तेलात त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा अधिक असते. पूर्व आणि मध्य भारतात मिळणाऱ्या साल बियांच्या तेलातही ते भरपूर असते आणि विदर्भाच्या जंगलातल्या मोहाच्या बियांच्या तेलात काही प्रमाणात असते. शिवाय १९०२ मध्ये जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी हायड्रोजन वापरून पातळ तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. वनस्पती तूप याच पद्धतीने बनते. तिच्यामुळे चरबीशिवाय स्टिअरिक आम्ल मिळवणे सोपे झाले.

दाढीच्या साबणात आणखी दोन युक्त्या असतात. एक, कॉस्टिक सोड्याबरोबर पोटॅशचाही वापर. सोड्याचा साबण कडक होतो, पोटॅशचा मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारा. क्रीममध्ये पोटॅशच जास्त असते. दुसरी युक्ती ग्लिसरीनची. ते पाणी धरून ठेवते, म्हणून फेस लवकर सुकत नाही. डब्यावरची नावे वाचताना स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन सुरुवातीलाच दिसली, तर ती क्रीम फेसाच्या दृष्टीने बरी आहे असे समजावे.

गालावर काय घडते

दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो चिवट असतो. पाण्यात भिजला की फुगतो, मऊ होतो आणि कापायला बरीच कमी ताकद लागते. यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात. नेमकी हीच मिनिटे घाईत गाळली जातात. केसावर तेलकट थर असतो, तो साबण धुऊन काढतो आणि मग पाणी आत शिरते. म्हणून दाढी आंघोळीनंतर करणे उत्तम. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने तोंड धुऊन ओला पंचा मिनिटभर गालावर धरावा.

ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवावा आणि जादा पाणी झटकून टाकावे. साबणाची वडी असेल तर ब्रश तिच्यावर वीस-तीस सेकंद फिरवावा. क्रीम असेल तर बदामाएवढी पुरते. मग वाटीत किंवा थेट गालावर गोल फिरवत थेंबथेंब पाणी घालत जावे. पाणी एकदम ओतले की फेस फुटतो. फेस पांढराफटक, चिकट आणि ब्रश ओढणारा असेल तर पाणी कमी पडले. मोठे बुडबुडे दिसत असतील आणि तो हनुवटीवरून ओघळत असेल तर पाणी जास्त झाले. घोटलेल्या दह्यासारखा गुळगुळीत, किंचित चमकणारा, बुडबुडे न दिसणारा फेस जमला की तो बरोबर. डबाभर फेस करून काही साधत नाही. त्वचेलगतचा पातळ ओला थरच काम करतो.

बोअरचे किंवा विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांना फेस जमत नाही अशी तक्रार असते. दोष अनेकदा हाताचा नसतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात आणि न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि नळाखाली जमतो तोच. जेवढा साबण त्यात खर्ची पडतो तेवढा फेसाला कमी पडतो. अशा वेळी साबण थोडा जास्त घ्यावा किंवा दाढीपुरते आरओचे पाणी वाटीभर वापरावे. पाणी नुसते उकळल्याने जडपणाचा काही भागच जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. कूलर किंवा पंखा सुरू ठेवून दाढी केली तर चांगला फेसही दोन मिनिटांत सुकतो आणि पाते कोरड्या त्वचेवर खरडते. दाढीपुरता पंखा बंद ठेवावा, फेस सुकला तर ओल्या ब्रशने पुन्हा फिरवावा.

पाते आधी केसाच्या वळणाने न्यावे. गालावर केस खाली वळलेले असतात, पण मानेवर अनेकांचे आडवे किंवा वर वळलेले असतात. बोट फिरवून ते आधी पाहून घ्यावे. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत धरावे आणि दाब देऊ नये. धातूच्या रेझरचे वजन पुरेसे असते. अजून खुंट राहिले तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा फिरवावा. फेसाशिवाय तीच जागा पुन्हा खरडणे हे आग होण्याचे नेहमीचे कारण. कुरळ्या केसांच्या पुरुषांनी त्वचा ताणून उलट्या दिशेने दाढी करू नये. त्वचेखाली कापलेला केस वाकून आतच वाढतो आणि मानेवर पुरळ उठते. पात्याने ओढायला सुरुवात केली की ते बदलावे. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून शेवटी गार पाण्याने फेस पूर्ण धुवावा आणि साधे मॉइश्चरायझर लावावे. तुरटीने बारीक रक्तस्राव थांबतो, पण तिचा खडा ज्याचा त्याचा वेगळा हवा.

सामायिक सामानाचा धोका काल्पनिक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्सची लागण झाली होती. काही जण त्यात दगावले. आज ब्रशचा तो धोका जवळजवळ उरलेला नाही, पण दुसऱ्याने वापरलेल्या पात्यातून हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. सलूनमध्ये पाते आपल्यासमोर नवे लावून घ्यावे. घरातही बापलेकांनी एक पाते वापरू नये. ब्रश धुऊन, झटकून, हवेशीर ठिकाणी सुकू द्यावा. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी काप लागू नये म्हणून अधिक जपावे. पुरळात पू होत असेल तर दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

नाशिकचा शेवट

साबणाचा धंदा मार्गी लागल्यावर अर्देशीर त्यातून बाजूला झाले. १९२८ मध्ये कंपनी पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला गेले आणि तिथे शेती करून पाहिली. शेतीत त्यांना यश आले नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. विक्रोळीची मोठी वसाहत उभी राहिली ती त्यांच्यानंतर, पिरोजशांच्या हातून.

त्यांनी सोडवलेला प्रश्न नागपुरात पुढे अभ्यासाचा विषय झाला. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये इथे लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. तिथे तेल तंत्रज्ञान शिकवले जाते. कोणत्या तेलातून कसा साबण उतरतो आणि त्याचा फेस किती टिकतो, हे तिथले विद्यार्थी मोजून बघतात. अर्देशीर यांच्यापाशी अशी संस्था नव्हती. औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून मिळवलेले रसायनशास्त्र आणि आपला माल खरोखर चांगला आहे की नाही हे स्वतः तपासण्याची सवय, एवढेच त्यांचे भांडवल होते.

दाढीच्या बाबतीतही तीच सवय उपयोगी पडते. महाग डबा, विलायती नाव किंवा भरपूर फुगलेला फेस यांवर विसंबू नये. साबण लावलेल्या गालावर ओले बोट फिरवून पाहावे. ते सहज घसरले आणि बोटाखालचे खुंट मऊ लागले, तर फेस जमला. अडखळले तर पाण्याचे चार थेंब घालून ब्रश पुन्हा फिरवावा आणि मगच पाते हातात घ्यावे.